धूर नकाशावरच ठरतो

हवा बिघडली की बोट जातं ते गाड्यांकडे आणि कारखान्यांच्या धुराड्यांकडे. पण बडोद्याचा नकाशा समोर पसरला, तर कळतं की घर कुठे, काम कुठे आणि बाजार कुठे हे ठरतं, तिथेच बराचसा धूरही ठरून जातो.

मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार हा जुना भाग घ्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड. किराणा, दवाखाना, देऊळ हाकेच्या अंतरावर. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १९१६ साली, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी बडोद्याच्या वाढीवर अहवाल लिहिला. अशा जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता.

पुढे उद्योग आले. खतकारखाना, १९६५ साली सुरू झालेली कोयलीची रिफायनरी, नंदेसरीची रासायनिक वसाहत असा पट्टाच शहराच्या वायव्येला उभा राहिला. त्यांच्या सांडपाण्यासाठी खंभातच्या आखाताकडे सुमारे ५५ किलोमीटरचा बंदिस्त मार्ग बांधला गेला. हवेसाठी तशी सोय नाही. उंडेरा, बाजवा ही गावं या पट्ट्याला खेटून आहेत, आणि एकेकाळी गावाबाहेर असलेल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीला आता चहूकडून वस्तीने वेढलंय.

रसायनांचे कारखाने घरांपासून लांबच हवेत, यात वाद नाही. घोटाळा होतो तो हाच नियम शाळा, कचेरी आणि बाजाराला लावल्याने. भायली, वासणा, गोत्री या नव्या भागांत सोसायट्या उठल्या, पण अनेकांची रोजची कामं जुन्या शहरात किंवा दुसऱ्या टोकालाच राहिली. हिशेब करून पाहा. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला ५० किलोमीटर धावणारी स्कूटर रोज जाऊन-येऊन २० किलोमीटर चालली, तर ३०० दिवसांत पावणेतीनशे किलोच्या घरात भर पडते. तेच काम दोन किलोमीटरवर असेल तर ५५ किलोत भागतं, आणि सायकल काढली तर तेवढंही नाही. विजेच्या स्कूटरने धूर घटेल. पण अंतर, कोंडी आणि रस्त्यावरची धूळ जागच्या जागी राहील.

गुजरातमध्ये नवी वस्ती आखायचं साधन म्हणजे टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम. १९७६ च्या कायद्यानुसार जमीनमालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते आणि सार्वजनिक सोयींसाठी वाटा काढतात, उरलेले प्लॉट पुन्हा आखून परत देतात. कायद्याच्या मांडणीत रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा-मैदानांसाठी ५ टक्के. म्हणजे रस्ता मिळतोच. त्यावरून बस जाईल का, कोपऱ्यावर शाळा आणि भाजीबाजार असेल का, हे वेगळं बघावं लागतं. स्कीमच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा लोक आपल्या प्लॉटची हद्द डोळ्यांत तेल घालून तपासतात. बसथांबा आणि शाळेची जागाही तेव्हाच तपासायला हवी. एकदा बांधकाम झालं की तेव्हा राहून गेलेली चूक पुढची पन्नास वर्षं पेट्रोल जाळून भरावी लागते.