भाच्याला माफ, मामाला कर

जुलैचा शेवटचा आठवडा. समर्थनगरातल्या करसल्लागाराच्या जिन्यावर चपलांचा ढीग. प्रत्येकाच्या हातात साडीच्या नाहीतर मेडिकलच्या दुकानाची पिशवी, पिशवीत पासबुक, एलआयसीच्या पावत्या आणि घडीवर फाटत आलेला फॉर्म १६. दर पाच मिनिटांनी तोच संवाद. ‘काका, ओटीपी सांगा.’ काका खिसे चाचपतात. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात आणि पुण्यातला मुलगा मीटिंगमध्ये! त्याचा फोन येईपर्यंत बाकीच्यांनी तोंडात टाकायला हा फुटाण्यांचा पुडा.

टोपीवाल्याची देणगी

भारतात प्राप्तिकर लागू झाला २४ जुलै १८६० रोजी. तो आणणारे जेम्स विल्सन मूळचे टोप्या बनवण्याच्या धंद्यातले. पुढे त्यांनीच लंडनला ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढलं. १८५७ च्या उठावानं सरकारची तिजोरी खडखडीत झाली होती, ती भरायला या साहेबांना इकडे धाडलं. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला, तर सरकारनं त्यांनाच परत बोलावून घेतलं. वर्षाला २०० रुपयांच्या आत कमाई असेल त्याला मात्र माफी होती. कर सुरू झाला आणि अठराव्या दिवशी, ११ ऑगस्टला, विल्सनसाहेब कलकत्त्यात आमांशानं गेले. कर काही लोकांच्या तळतळाटानं मेला नाही. १८६५ मध्ये तो बंद पडला, मग वेगवेगळ्या नावांनी येत-जात राहिला आणि १८८६ च्या कायद्यानं कायमचा मुक्कामाला आला.

गोदावरीच्या अलीकडे

या सगळ्या धावपळीत आपलं हे औरंगाबाद कुठे होतं? निजामाच्या राज्यात, म्हणजे ब्रिटिश कायद्याच्या हद्दीबाहेर. कायगाव-टोक्याला गोदावरी ओलांडली की पलीकडे नेवासे, नगर जिल्हा, इंग्रजी अंमल. तिथल्या व्यापाऱ्याला प्राप्तिकर, अलीकडच्या काठावर गंगापूरच्या व्यापाऱ्याला तो नाही. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा प्राप्तिकर कायदा निघाला तो १३५७ फसली सालात, म्हणजे १९४७-४८ च्या सुमारास. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानच संपलं. भारताचा प्राप्तिकर कायदा इथं लागू झाला १ एप्रिल १९५० पासून. पुणेकरांच्या मागून नव्वद वर्षांनी आपण रांगेत लागलो.

म्हणून इथं मोगलाईत चैन होती असं कुणी समजू नये. सारा होताच. ज्या मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं, त्याचं नाव महसुलाच्या इतिहासात आजही निघतं ते सारावसुलीचे मक्ते मोडून प्रत्यक्ष पीकपाण्यावर आकारणी बसवली म्हणून.

शंभरातले सव्वादोन

आजच्या ३० टक्क्यांना नावं ठेवणाऱ्यांनी १९७१ ते १९७४ हा काळ आठवावा. दोन लाखांच्या वरच्या उत्पन्नावर ८५ टक्के कर, त्यावर १५ टक्के अधिभार, एकूण ९७.७५ टक्के. वरच्या प्रत्येक शंभरातले सव्वादोन रुपये तुमचे, बाकी सरकारचे. अर्थमंत्री कोण? आपले यशवंतराव चव्हाण. दर त्या शिखरावर गेला तो त्यांच्याच अर्थसंकल्पात, आणि १९७४ मध्ये एकदम ७७ वर उतरवला तोही त्यांनीच. इतका कर प्रामाणिकपणे कोण भरेल, हा प्रश्न करचुकवेगिरीचा अभ्यास करणाऱ्या वांछू समितीनं सरकारी कागदावरच विचारला होता.

फेब्रुवारीत शंभर जास्त का कापतात?

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या कुणाचीही पगाराची स्लिप घ्या. व्यवसायकर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. एचआरला विचारलं तर ‘तसंच असतं’ असं उत्तर मिळतं. खरं कारण राज्यघटनेत आहे. व्यवसायकर वर्षाला २,५०० रुपयांच्या वर घेता येत नाही, ही मर्यादा १९८८ पासून जागची हललेली नाही. दोनशेप्रमाणे बारा महिन्यांचे होतात २,४००. उरलेला शंभरचा तुकडा सगळ्यांत छोट्या महिन्याच्या गळ्यात. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना १ एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे.

पण त्याची जन्मकथा जास्त महत्त्वाची, आणि ती मराठवाड्याला तोंडपाठ असायला हवी. १९७२ चा दुष्काळ पडला. माणसं रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामांवर खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना आधीच मांडली होती, ती दुष्काळात राज्यभर पसरली. तिला पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून. १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसायकर आला तो यासाठी, आणि तितकीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. खडी फोडणाऱ्या आजीचा नातू आज वाळूजच्या कारखान्यात पंचिंग करतो, आणि त्याच्या स्लिपवर त्या दुष्काळाची ओळ दर महिन्याला छापून येते. नव्या करप्रणालीत मात्र या कापलेल्या व्यवसायकराची वजावट मिळत नाही. ही कुणीतरी विसरलेली गोष्ट वाटते, ठरवून केलेली वाटत नाही.

नात्यांचं गणित

प्राप्तिकर कायद्यातलं सगळ्यांत मराठी प्रकरण म्हणजे ‘नातेवाईक कोण’. नातेवाइकाकडून कितीही भेट घ्या, कर नाही. परक्यांकडून वर्षभरात आलेल्या पैशाची बेरीज ५०,००० च्या वर गेली की सगळी रक्कम उत्पन्नात. आता यादी बघा. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, नवरा-बायको, भाऊ-बहीण, मेहुणा, साळी, दीर, नणंद, काका, आत्या, मामा, मावशी, आणि या सगळ्यांचे जोडीदारही. चुलतभाऊ? नाही. मावसबहीण? नाही. लहानपणी एका ताटात जेवला असाल, कायद्याला तो परका.

खरी गंमत मामा-भाच्याची. मामानं भाच्याला पाच लाख दिले तर भाच्याला कर शून्य, कारण आईचा भाऊ यादीत आहे. तोच भाचा कमावता झाला, कृतज्ञतेनं मामाला पाच लाख दिले, तर मामाच्या उत्पन्नात पाच लाखांची भर! कारण मामाच्या यादीत बहिणीचा मुलगा नाही. काका-पुतण्याचंही हेच. या नात्यांची वाट एकेरी आहे, वरून खाली पैसा येऊ द्या, खालून वर नको.

लग्नात मिळालेल्या भेटी कुणाच्याही असोत, वधूवरांना माफ. मुंज, वास्तुशांत, साठीशांत यांना ही सवलत नाही. भेटीच्या वस्तूंची यादीही ठरलेली आहे: जमीन-घर, शेअर, दागिने, सोन्याची वळी, चित्रं, शिल्पं वगैरे. मोटारगाडी त्यात नाही आणि साडीही नाही. म्हणजे मैत्रिणीनं लाखाची पैठणी दिली तर निर्धास्त नेसा. मात्र कपड्यावर शिवलेले रत्नखडे आणि सोन्याचे अलंकार दागिन्यांतच मोजले जातात. पैठणीच्या जरीवरून वाद घालायला एखादा अधिकारी बसलाच, तर त्या सुनावणीला तिकीट लावावं.

दीडशे मर्सिडीज

ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातल्या मंडळींनी मिळून एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, किंमत साधारण ६५ कोटी. देशभर बातम्या झाल्या. आता करवाल्यांच्या नजरेनं बघा. दहा लाखांच्या वरची गाडी विकताना विक्रेत्यानं ग्राहकाकडून एक टक्का कर गोळा करायचा, हा नियम आला १ जून २०१६ ला. आधी असता तर त्या एका सौद्यात ६५ लाख गोळा झाले असते. हा एक टक्का वाया जात नाही बरं. आपल्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. रिटर्न न भरणारा तो सरकारला बहाल करून बसतो.

चिल्लर

शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे पैठणच्या मोसंबीला कर नाही. त्याच शेतातल्या म्हशीच्या दुधाला आणि कोंबडीच्या अंड्याला आहे. रोपवाटिकेतली रोपं शेतीत धरतात. नोकरीसोबत बागही असेल तर बागेची कमाई लपवू नका. तिच्यावर कर नसला तरी बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ती मोजली जाते. हा चिमटा १९७३ चा, अर्थमंत्री तेच, यशवंतराव.

पॅनचं चौथं अक्षर सांगतं तुम्ही कोण: व्यक्तीला ‘पी’, कंपनीला ‘सी’, हिंदू अविभक्त कुटुंबाला ‘एच’. पाचवं बहुधा आडनावाचं आद्याक्षर. पॅनकार्डावर पत्ता नसतोच, त्यामुळे शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं तरी या कार्डाला धक्का लागला नाही.

देवालाही सुटका नाही. देवता करदाता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्येच सांगून टाकलं आहे. १९८० मध्ये त्याच न्यायालयानं एका तस्कराच्या पकडलेल्या नोटा ‘धंद्यातलं नुकसान’ म्हणून मान्य केल्या. धंदा तस्करीचा आहे ना, मग पकडलं जाणं त्यातलाच धोका, असा रोखठोक हिशेब.

आणि दिवाळी. १९८९ पर्यंत व्यापाऱ्याला आपलं हिशेबाचं वर्ष निवडता यायचं, म्हणून गुलमंडीच्या पेढीवर लक्ष्मीपूजनाला वही बदलली की करासाठीही नवं वर्ष चाले. मग सगळ्यांना एकच, ३१ मार्च.

तारखेचं काय?

पगारदारांची नेहमीची तारीख ३१ जुलै. २०२५ मध्ये ती १५ सप्टेंबर झाली आणि त्या दिवशी रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढली. ‘वाढेलच की’ म्हणणाऱ्या जमातीला त्या एका रात्रीनं पुढच्या दहा वर्षांची हिंमत दिली असणार. तारीख हुकली तर पाच लाखांपर्यंत उत्पन्नाला एक हजार, त्यावर पाच हजार उशिराचं शुल्क. रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांत पडताळणी केली नाही, तर पडताळणीचा दिवस हाच भरल्याचा दिवस धरतात आणि वेळेत भरूनही दंड बसू शकतो.

रिफंड उशिरा आला तर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देतं, फक्त रिफंड कराच्या दहा टक्क्यांहून कमी नसावा. हे व्याजही करपात्र. पुढच्या वर्षी ‘इतर उत्पन्ना’त ते दाखवायचं, आणि विसरलात तरी तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे करखात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात, आकडा आधीच येऊन बसलेला असतो.