तालमीचे रेकॉर्डिंग करा, नावानिशी

एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात. जयंतीच्या कार्यक्रमाचे शूटिंग करायला शंभर मोबाईल वर होतात, तालमीकडे मात्र कोणी फिरकत नाही. आमचे म्हणणे उलटे आहे. स्टेजवरचे राहिले तरी चालेल, तालमीचे रेकॉर्डिंग झालेच पाहिजे.

कारण गाण्याचा जन्मदाखला तालमीतच सापडतो. म्हातारा शाहीर कोरसच्या पोराला थांबवतो, चाल पुन्हा गाऊन दाखवतो, ती कोणाकडून घेतली हे सांगतो, मूळ शब्द कोणता होता आणि तो का बदलला हेही बोलता बोलता सांगून जातो. वहीत शब्द उतरतात, चाल उतरत नाही. स्टेजवर वेळ कमी, भोंगे कर्कश, मध्येच बक्षिसांचा पुकारा. गाणे आखडले की बहुधा शेवटचा अंतरा गळतो, आणि कवीने आपले नाव त्याच अंतऱ्यात गुंफलेले असते! वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गाण्यातला 'वामन'चा अंतरा गाळला तर उद्याच्या श्रोत्याला कवी कोण हे कसे कळणार?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवले. आज नवी पोरे त्यांना गाताना पाहू शकतात, कारण आनंद पटवर्धनांनी 'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटासाठी त्यांचे गाणे टिपले होते. असा कॅमेरा किती शाहिरांच्या वाट्याला आला?

कॅमेऱ्याची वाट पाहण्याचे आता कारण नाही. झूम, टास्कॅम अशा कंपन्यांचे हातात मावणारे, सेलवर चालणारे रेकॉर्डर मिळतात. मंडळाने वर्गणीतून एक घ्यावा. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चापुढे ती रक्कम काय आहे? काहीच नसेल तर मोबाईलही चालेल, पण तो आवाजाची पातळी आपली आपण बदलतो आणि ढोलकीची थाप पडली की गळा दबतो. रेकॉर्डरवर ही स्वयंचलित सोय बंद करावी. पार्टीला सर्वात जोरकस कडवे गायला लावावे आणि काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावावी. यंत्र जमिनीवर किंवा पेटीवर न ठेवता गायकाच्या छातीइतक्या उंचीवर, त्याच्यासमोर ठेवावे. ढोलकीवाल्याने चार पावले मागे बसावे. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे भिंतींना गोधड्या टांगाव्यात. पंखा बंद. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाईलला तासाला साधारण एक जीबी जागा लागते. दोन गाण्यांच्या मध्ये यंत्र थांबवू नये. ती बडबडच तर हवी आहे.

आता वकील म्हणून थोडे. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण, कवी, चाल बांधणारा, गायक, वादक, कोरस यांची नावे यंत्रात बोलून घ्यावीत आणि प्रत्येकाची संमतीही. कोरसमधल्या बायांना वगळू नये. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार कलावंताला त्याच्या सादरीकरणावर पन्नास वर्षे हक्क आहे. हक्क विकला तरी 'हे गाणे माझे' म्हणण्याचा कवीचा अधिकार कलम ५७ ने राखला आहे. एकरकमी पैसे हातावर टेकवून गाणी नेणारे आपण पुष्कळ पाहिले. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागते, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. आपल्या घरातल्या शाहिराने असा जुना कागद कधी केला असेल तर तो ट्रंकेतून काढून त्यावरची तारीख आणि मुदत आधी वाचा.