मार्च, मल्हारगड आणि मीठा बहार

मार्चमध्ये भटकायला जाऊ या म्हटलं की आमचा अख्खा ग्रुप एका सुरात ओरडतो, 'वेडी आहेस का?' जुलैमध्ये धबधब्याखाली रांग लावून भिजणारी हीच मंडळी! मार्च म्हणजे इयर-एंड, टार्गेट्स आणि एसीचा रिमोट. वसंत ऋतू आपल्याला भेटतो तो फक्त कॅलेंडरच्या पानावर.

पण बॉस, आपला वसंत हिरवागार नसतोच मुळी. तो पिवळ्या गवताचा, निष्पर्ण झाडांचा आणि त्याच झाडांवर अचानक पेटलेल्या फुलांचा असतो. तो बघायला पुण्याहून फार लांब जावं लागत नाही. सासवडची बस पकडायची, दिवे घाट चढून गेलं की झेंडेवाडी फाट्याला उतरायचं. मल्हारगड करून पलीकडे सोनोरीत उतरायचं आणि शेतांमधून सासवड गाठायचं. दुपारच्या जेवणाला घरी!

सोबत एकच जण तयार झाला. महिन्यातून चारदा कंपनीच्या खर्चाने उडतो म्हणून आम्ही त्याला 'बोर्डिंग पास' म्हणतो. लोहगावच्या सिक्युरिटीच्या रांगेत त्याचं निम्मं आयुष्य गेलंय, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. त्यामुळे बसमध्ये त्याचा पहिला प्रश्न होता, 'पुरंदरचा एअरपोर्ट इथेच कुठेतरी होणार ना? सुटलो एकदाचे!'

फाट्याला उतरलो तेव्हा सव्वासात वाजले होते आणि हवेत चक्क गारवा होता. गाव मागे पडलं की उतारावर लागवडीचं रान लागतं. गिरीपुष्पाला पान एक नाही, पण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी लगडलेल्या. 'चेरी ब्लॉसम! जपानचं तिकीट वाचलं!' इति बोर्डिंग पास. त्याच्या उत्साहावर पाणी ओतत मी सांगितलं, की हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, झटपट वाढतं म्हणून आपल्या टेकड्यांवर लावलेलं. बिया विषारी, म्हणून मराठीत त्याला उंदीरमारी म्हणतात. खरी पार्टी बघायची तर पुढे बांधावरच्या एकट्या पळसाखाली थांबा. आम्ही दहा मिनिटं थांबलो. बुलबुल, साळुंक्या, शिंजीर... सगळे मधासाठी भांडत होते. कुणाचं कुणाकडे लक्ष नाही.

गड छोटासा, पाऊण तासात आरामात फिरून होतो. महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला म्हणून त्याची ओळख. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो 1757 ते 1760 च्या सुमारास उभारला. आत महादेव आणि खंडोबाची शेजारी शेजारी देवळं. खंडोबा म्हणजेच मल्हार, म्हणून मल्हारगड. तटावर बसून आम्ही डबा उघडला. समोर पुरंदर आणि वज्रगड, खाली कऱ्हेच्या खोऱ्यातली शेतं. ज्वारी निघालेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या. मधेच कांद्याचे हिरवे वाफे.

नऊनंतर मात्र ऊन लागायला लागतं. गडावर सावली नाही, तेव्हा टोपी आणि दोन लिटर पाणी मस्ट.

सोनोरीत उतरलो. पानशांचा बुरूजवाला वाडा आणि मुरलीधराचं देऊळ पाहिलं, आणि गावाबाहेर पडताना अंजिराच्या बागेपाशी थबकलोच. एक काका झाडाखाली बसून करंडीत पानं अंथरत होते.

'या की. उन्हाचं कुठं निघालात?'

अंजीर म्हणजे सुकामेव्याच्या डब्यातली चपटी माळ, एवढीच आमची समज. काकांनी झाडावरचं काढून हातात दिलं. देठातून पांढरा चीक टपकला. 'पुसा, खाज सुटंल.' वरून जांभळट, आत मऊ, लाल, मधासारखं. बोर्डिंग पास पहिल्यांदाच गप्प झाला. इथे वर्षात दोन बहार. थंडीतला खट्टा आणि मार्च ते मेमधला मीठा. पुरंदरच्या अंजिराला जीआय मानांकनही आहे. 'पण उद्या खाऊ म्हणाल तर जमायचं न्हाई,' काका म्हणाले. 'अंजीर कुणासाठी थांबत न्हाई.'

त्याने मग तो प्रश्न विचारलाच. 'काका, एअरपोर्टमध्ये तुमची जमीन आहे का?'

काकांची नव्हती. पुरंदरचा विमानतळ 2016 मध्ये जाहीर झाला, तो वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांसाठी. यातलं खानवडी म्हणजे महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचं गाव. 2025 मध्ये ड्रोन सर्व्हेला गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला, नंतर अनेकांनी संमतीही दिली. काकांची बहीण त्यातल्याच एका गावात दिलेली.

'भाच्यानं सही केली. पैसे चांगले हायेत, खोटं कशाला बोलू? पोराला नोकरी न्हाई, तो तरी काय करंल? पण ती अजून रोज सकाळी बागेला पाणी द्यायला जाती. तो म्हणतो, आई, आता कशाला? ती म्हणती, झाडांनी कुठं सही केलीया?'

आम्ही दोघंही काही बोललो नाही. काकांनीच विचारलं, 'तुम्ही काय करता?' त्याने सांगितलं, सॉफ्टवेअर, दर आठवड्याला बंगळूर. 'मंग तुमच्याच कामाचं की इमान!' काका हसले. टोमणा नव्हता तो, हेच जास्त लागलं.

दोन किलो घेतले. काकांनी वर मूठभर घातले आणि पैसे मोजून न बघता खिशात टाकले. सासवडपर्यंतचे सहा किलोमीटर चालायचा प्लॅन होता, पण साडेअकराच्या उन्हात निम्म्या वाटेत टेम्पोला हात केला. (हे ग्रुपमध्ये सांगायचं नाही, असं ठरलंय.)

परतीच्या बसमध्ये बोर्डिंग पासने सोमवारच्या फ्लाइटचं वेब चेक-इन केलं. करंडी मांडीवर. दिवे घाट उतरेपर्यंत त्याने एकट्याने अकरा अंजिरं संपवली होती, मी मोजली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, 'त्या बहिणीच्या बागेतली यंदाची अंजिरं कोण घेतं, विचारायला हवं होतं गं.'

नंबर मी घेतलाय. मीठा बहार मेपर्यंत चालतो. पुढच्या शनिवारी आम्ही परत जातोय, सहाची बस.