मोटारसायकलवरील वाऱ्याचे हादरे

वेगाने धावणाऱ्या मोटारसायकलच्या चालकाचे डोके, खांदे व छाती यांना खळबळलेल्या हवेमुळे जे जलद आणि अनियमित झटके बसतात, त्यांना वाऱ्याचे हादरे म्हणतात. चालकांमध्ये यासाठी 'बफेटिंग' हा इंग्रजी शब्द रूढ आहे. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या टूरिंग मोटारसायकलींवर हा त्रास विशेष जाणवतो, कारण त्यांवर चालक तासन्‌तास एकाच वेगाने व जवळजवळ एकाच स्थितीत बसलेला असतो. वाऱ्यापासून संरक्षण मिळावे म्हणून बसवलेली समोरची काच (विंडस्क्रीन) हीच पुष्कळदा या हादऱ्यांचे उगमस्थान असते. त्यामुळे हादरे कमी करणे म्हणजे वारा पूर्णपणे अडवणे नव्हे. चालकापर्यंत पोहोचणारी हवा शक्य तितकी एकसारखी व खळबळरहित करणे, हे त्यामागील मुख्य तत्त्व आहे.

स्वरूप

मोटारसायकलवर चालकाला वाऱ्याचा त्रास तीन प्रकारांनी होतो व त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो. पहिला प्रकार म्हणजे समोरून येणारा स्थिर दाब. तो एकसारखा असल्याने शरीर त्याच्याशी जुळवून घेते. दुसरा प्रकार आडव्या वाऱ्याचा. पूल, खिंड किंवा घाटाचे वळण ओलांडताना तो बाजूने आदळतो आणि संपूर्ण वाहनाला ढकलतो. तिसरा प्रकार हादऱ्यांचा. यात हवेचा दाब क्षणोक्षणी बदलतो, डोके मागे-पुढे किंवा डावी-उजवीकडे थरथरते आणि हेल्मेटमध्ये गडगडाटासारखा घुमणारा आवाज येतो. स्थिर दाबावर जो उपाय चालतो, तो हादऱ्यांवर चालेलच असे नाही. कधी कधी तो हादरे वाढवतो.

कारणे

हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला हा गतिज दाब सुमारे ३०० पास्कल असतो, तर ताशी १२० किलोमीटरला तो सुमारे ६७० पास्कल होतो. वेग दीडपट झाला तर दाब सव्वादोनपट होतो. शहरात न जाणवणारा दोष महामार्गावर एकाएकी असह्य का वाटतो, याचे उत्तर या प्रमाणात आहे.

काचेच्या वरच्या कडेवरून हवा पुढे सरकते तेव्हा कडेच्या वरची हवा वेगवान, तर काचेच्या मागची हवा जवळजवळ स्थिर असते. या दोन थरांच्या सीमेवर प्रवाह अस्थिर होतो व त्यात भोवरे तयार होतात. प्रवाहाच्या वाटेत उभ्या असलेल्या वस्तूच्या मागे असे भोवरे ठरावीक अंतराने सुटत राहतात. चेक भौतिकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट्स स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात तारांतून निघणाऱ्या आवाजाचा अभ्यास करून भोवऱ्यांच्या या वारंवारितेचा नियम शोधण्यास आरंभ केला. पुढे थिओडोर फॉन कार्मान यांनी अशा भोवऱ्यांच्या दुहेरी रांगेचे गणिती विवेचन केले. बोथट आकाराच्या वस्तूंसाठी वेगाला ०.२ ने गुणून वस्तूच्या रुंदीने भागले असता भोवऱ्यांची वारंवारिता ढोबळमानाने मिळते. त्यानुसार ४० सेंटिमीटर रुंदीच्या वस्तूमागे ताशी १०० किलोमीटर वेगाला दर सेकंदाला सुमारे १४ भोवरे सुटतात. प्रत्यक्षात काचेचा आकार, कोन व चालकाचे शरीर यांमुळे हा आकडा बदलतो. तथापि मानेला जाणवणारी थरथर सेकंदाला काही मोजक्या झटक्यांची का असते, हे या हिशेबावरून लक्षात येते.

दुसरे महत्त्वाचे कारण काचेच्या मागे निर्माण होणारा कमी दाब होय. ही पोकळी भरून काढण्यासाठी चालकाच्या पाठीमागून, बाजूंनी आणि पेट्रोलच्या टाकीवरून हवा पुढे ओढली जाते. काच जितकी मोठी व बंदिस्त, तितका हा परिणाम अधिक. मोठ्या काचेमागे बसलेल्या चालकाला पाठीवर कोणी ढकलत असल्यासारखे वाटते, ते यामुळेच.

याखेरीज पुढचे फोर्क, उंचावरचे मडगार्ड, आरसे आणि हँडलवर बसवलेली उपकरणे यांच्यामुळेही हवा खळबळते. पुढे चाललेल्या ट्रक किंवा बसच्या मागे खळबळलेल्या हवेचा लांब पट्टा तयार होतो. त्यात शिरलेल्या मोटारसायकलला कोणतीही काच पुरेसे संरक्षण देऊ शकत नाही.

इतिहास

मोटारसायकलभोवतीच्या हवेचा पद्धतशीर अभ्यास प्रथम शर्यतींसाठी झाला. इटलीतील मोतो गुझ्झी या कंपनीने मांदेल्लो देल लारियो येथे पूर्ण आकाराची मोटारसायकल तपासता येईल असा वातबोगदा १९५० च्या दशकात उभारला. त्या काळात पुढचे चाक संपूर्ण झाकणारी आवरणे शर्यतीत वापरली जात. त्यांनी वेग वाढला, परंतु आडव्या वाऱ्यात वाहन आवरणे कठीण होऊ लागल्याने १९५७ च्या हंगामानंतर त्यांवर बंदी आली. वाऱ्यापासूनचे संरक्षण आणि वाहनाचे स्थैर्य यांची सांगड घालावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

प्रवासी मोटारसायकलींच्या बाबतीत अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसनने १९६९ मध्ये हँडलबरोबर फिरणारे, वटवाघळाच्या पंखांच्या आकाराचे आवरण आणले. १९७० च्या दशकात क्रेग व्हेटर यांचे 'विंडजॅमर' हे स्वतंत्रपणे विकत घेऊन बसवता येणारे आवरण लोकप्रिय झाले. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आणलेल्या आर १०० आरएस या मोटारसायकलचे आवरण पिनिनफारिना यांच्या वातबोगद्यात विकसित केले होते. होंडाची गोल्ड विंग १९७५ मध्ये आवरणाशिवाय बाजारात आली. १९८० मध्ये तिची इंटरस्टेट ही आवृत्ती मात्र कारखान्यातूनच आवरणासह विकली जाऊ लागली. हार्ले-डेव्हिडसनने २०१४ च्या मॉडेलपासून आपल्या जुन्या आवरणात काचेच्या पायथ्याशी हवा आत घेणारे झडपेचे छिद्र दिले. डोक्याला बसणारे हादरे कमी करणे, हा त्यामागील उद्देश होता.

परिणाम

हादऱ्यांचा पहिला परिणाम मानेच्या व खांद्यांच्या स्नायूंवर होतो. डोके स्थिर ठेवण्यासाठी हे स्नायू सतत ताणलेले राहतात आणि काही तासांत मान आखडते. डोक्याबरोबर डोळेही थरथरल्याने दूरच्या पाट्या, रस्त्यावरील खड्डे व आरशातील वाहने स्पष्ट दिसत नाहीत. थकवा आल्यावर चालकाचे लक्ष विचलित होते व ब्रेक लावण्यास विलंब होतो.

दुसरा परिणाम श्रवणशक्तीवर होतो. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमधील वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो व वेगाबरोबर वाढत राहतो. हा आवाज मुख्यतः इंजिनाचा नसून हेल्मेटच्या कडांपाशी खळबळणाऱ्या हवेचा असतो. अमेरिकेतील 'नायोश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक काळ राहू नये, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी करावी. या हिशेबाने १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. अशा आवाजाने आलेले बहिरेपण हळूहळू वाढते व ते भरून येत नाही. त्यामुळे हादऱ्यांचा प्रश्न केवळ आरामाचा राहत नाही.

कारणाचा शोध

काच बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी हादरे नेमके कोठून येतात, हे पाहणे उपयुक्त ठरते. त्यासाठी वारा नसलेल्या दिवशी, रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर, एकाच ठरावीक वेगाने फेऱ्या माराव्यात.

ज्या वेगाला हादरे जाणवतात त्या वेगाला चालकाने फूटरेस्टवर भार देऊन किंचित उंच व्हावे आणि नंतर किंचित खाली वाकावे. हँडलवरील दोन्ही हात सोडू नयेत. उंच झाल्यावर हादरे थांबत असतील, तर डोके स्वच्छ प्रवाहात गेले असा अर्थ होतो. म्हणजे काचेची कड आहे त्यापेक्षा खाली आणणे हितावह ठरेल. खाली वाकल्यावर हादरे थांबत असतील, तर काच थोडी उंच किंवा अधिक उभी करावी लागेल. दोन्ही स्थितींत फरक पडत नसेल, तर हवा खालून किंवा बाजूंनी येत असण्याची शक्यता असते.

शक्य असल्यास काच पूर्णपणे काढून एक फेरी मारावी. दाब वाढला तरी थरथर नाहीशी झाली, तर दोष काचेचाच, हे निश्चित होते. काचेच्या कडेला व टाकीजवळ लोकरीचे छोटे धागे चिकटपट्टीने लावले, तर खळबळीच्या जागी ते फडफडताना दिसतात. असे धागे पाहण्याचे काम चालकाने न करता ते कॅमेऱ्याने टिपावे. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवावी. दोन बदल एकदम केल्यास कोणता लागू पडला हे कळत नाही.

उपाय

काचेची उंची व कोन: काचेची वरची कड साधारणतः चालकाच्या नाकाच्या किंवा ओठांच्या रेषेत असावी, असा संकेत आहे. कडेवरून उसळलेली हवा तेव्हा हेल्मेटच्या माथ्यावरून निघून जाते आणि चालकाला काचेतून न पाहता काचेवरून पाहता येते. पावसात व रात्री समोरच्या दिव्यांच्या झगमगाटात याचे महत्त्व विशेष असते. कड नेमकी हेल्मेटच्या मध्यावर हवा फेकत असेल, तर हादरे सर्वाधिक बसतात. अशा वेळी उंच काचेइतकाच आखूड काचेचाही पर्याय विचारात घ्यावा. आखूड काचेमागे छातीवरचा दाब कमी होतो आणि डोके स्वच्छ वाऱ्यात राहते. काही काचांच्या खालच्या स्क्रूंमागे वॉशर घालून कोन थोडा बदलता येतो. तेवढ्यानेही पुरेसा फरक पडू शकतो.

काचेखालील फट: काच व तिच्या खालचा भाग यांच्यात काही सेंटिमीटरांची फट ठेवल्यास हवेचा काही अंश काचेच्या मागे येतो आणि तेथील कमी दाब भरून काढतो. परिणामी कडेवरचे भोवरे क्षीण होतात व पाठीमागून येणारा रेटाही घटतो. काचेत झडपा देण्यामागे हेच तत्त्व आहे.

जोडकाच: मूळ काचेच्या वरच्या कडेला पकडीने बसणारी लहान काच मिळते. तिची उंची, कोन व मूळ काचेपासूनचे अंतर बदलता येते. दोन काचांमधील फटीतून जाणारी हवा प्रवाह सरळ करण्यास साहाय्य करते. चालकाची उंची सरासरीहून बरीच वेगळी असेल, तर संपूर्ण काच बदलण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो.

खालून येणारी हवा: फोर्कच्या दोन्ही बाजूंना किंवा टाकीच्या पुढे लहान पट्ट्या बसवून वर चढणारी हवा बाजूला वळवता येते. कायमच्या पट्ट्या बसवण्यापूर्वी पुठ्ठा व चिकटपट्टी वापरून कमी वेगाला प्रयोग करता येतो. मात्र हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते आहे व इंजिन थंड ठेवणारी हवा अडत नाही, याची खात्री आधी करावी.

हेल्मेट व पोशाख: सैल हेल्मेट हादऱ्यांना अधिक प्रतिसाद देते. ते डोक्यावर घट्ट बसणारे, परंतु कपाळाला न टोचणारे असावे. पुढे छज्जा असलेल्या हेल्मेटचा छज्जा वारा पकडतो. महामार्गावर तो काढून ठेवल्यास मानेवरचा भार हलका होतो. गळ्याजवळची मोकळी जागा झाकल्यास घुमणारा आवाज घटतो. इअरप्लगमुळे कानांचे रक्षण होते, तथापि त्यांच्या वापराविषयीचे नियम ठिकाणानुसार वेगळे असल्याने ते पाहून घ्यावेत. फडफडणारे जाकीट आणि सैल पट्ट्यांची पाठपिशवीही हादऱ्यांत भर घालते.

मर्यादा व सुरक्षितता

हँडलला जोडलेल्या मोठ्या काचेवर पडणारा वाऱ्याचा जोर थेट हँडलवर येतो. मागच्या चाकाच्याही मागे जड टॉप बॉक्स बसवल्यास वेगात वाहन डुलू लागण्याचा धोका वाढतो. म्हणून काच किंवा पेट्या बसवल्यानंतर वेग टप्प्याटप्प्याने वाढवून वाहनाचे स्थैर्य तपासावे आणि उत्पादकाने दिलेली भाराची व वेगाची मर्यादा पाळावी. मागे बसणारा सहप्रवासी बहुधा चालकाहून उंच बसतो. चालकासाठी योग्य ठरलेली काच त्याच्या चेहऱ्यावर भोवरे सोडू शकते, त्यामुळे जोडीने प्रवास करणाऱ्यांनी चाचणीही जोडीनेच करावी.

पॉलिकार्बोनेट व ॲक्रिलिक काचांना पेट्रोल आणि अमोनियायुक्त द्रवांनी सूक्ष्म तडे जातात. त्या भरपूर पाण्याने व मऊ कापडाने स्वच्छ कराव्यात. ओरखडे पडलेली काच रात्री समोरचा प्रकाश पसरवते व दृष्टीस अडथळा करते.

भारतातील स्थिती

भारतात हेल्मेटसाठी आय. एस. ४१५१ हे मानक आहे. लांबच्या प्रवासासाठीच्या मोटारसायकलींचा प्रसार वाढल्यावर उत्पादकांनी काचेकडे लक्ष दिले. २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनला लहान काच मूळचीच होती. पुण्याच्या बजाज ऑटोने २०२१ मध्ये डॉमिनार ४०० या मोटारसायकलला उंच काच, हातांची आवरणे व सामानाचा कॅरियर कारखान्यातूनच जोडून देण्यास सुरुवात केली.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. या दोन शहरांमधील दुचाकीस्वारांना जुन्या महामार्गावरून, ट्रक व बसगाड्यांच्या सोबतीने जावे लागते. अशा रस्त्यावर जाणवणाऱ्या हादऱ्यांचा मोठा वाटा पुढच्या वाहनाच्या मागील खळबळीचा असतो. तेथे काच बदलण्याआधी पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवून पाहणे हा सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उपाय ठरतो. या अंतरामुळे समोरचा रस्ता दिसतो आणि ब्रेक लावण्यास पुरेशी जागाही मिळते.