शत्रूचा गृहप्रवेश

चोरानें दार फोडलें तर घरधनी जागा होतो; परंतु अतिथीच्या वेषांत आलेल्यास तो स्वतःच आंत घेतो. इन्फ्ल्युएंझाचा विषाणु आपल्या शरीरांत शिरतो तो या दुसऱ्या रीतीनें. १९१८ सालच्या साथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, तेव्हां हा खरा शत्रु कोणासच ठाऊक नव्हता. कित्येक डॉक्टर फायफर यांनीं दाखविलेल्या जंतूस दोष देत होते. पुढें १९३३ सालीं लंडन येथें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या त्रयीनें माणसांतील हा विषाणु प्रथम वेगळा केला.

हा विषाणु म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें दहा हजाराव्या भागाएवढा गोळा. वर स्निग्ध आवरण, आंत जनुकांचे आठ तुकडे, आणि अंगभर प्रथिनांचे काटे. त्यास स्वतः वाढतां येत नाहीं. वाढीचीं साधनें जिवंत पेशीच्या आंत असतात. म्हणून आंत शिरणें हाच त्याच्यापुढील पहिला प्रश्न होय.

आपल्या श्वासमार्गांतील पेशींवर शर्करेच्या बारीक साखळ्या असतात व त्यांच्या टोकाशीं सायलिक आम्ल असतें. विषाणूचें हीमॅग्लुटिनिन नामक प्रथिन नेमकें त्यासच बिलगतें. एका काट्याची पकड दुबळी असते. पण अनेक काटे मिळून ती घट्ट करतात. निसर्गानें येथें एक फसवें दारहि ठेविलें आहे. नाकाघशांतील चिकट स्रावांतहि हेंच आम्ल असतें व कित्येक विषाणु तेथेंच अडकतात. परंतु न्युरामिनिडेज हें दुसरें प्रथिन कात्रीप्रमाणें ते बंध कापून त्यांची सुटका करतें.

पुढील काम पेशीच करते. बाहेरचें अन्नद्रव्य घ्यावें तसें ती त्यास लहानशा पिशवींत गुंडाळून आंत ओढते. पिशवींत आम्लता वाढूं लागते. ही पेशीची नित्याची रीत. विषाणु याच घटकेची वाट पाहत असतो! आम्लाचा स्पर्श होतांच हीमॅग्लुटिनिन दाबलेल्या कमानीसारखें उलगडतें, पिशवीच्या भिंतींत रुततें आणि दोन्ही आवरणें एकजीव करतें. मात्र हें घडण्यास त्या प्रथिनाचा एक सांधा आधीं कापला गेलेला असावा लागतो, आणि तें कामहि आपल्याच श्वासमार्गांतील पाचक द्रव्यें करून ठेवितात. मग जनुकें पेशीच्या केंद्रांत पोहोंचतात व कांहीं तासांतच नवे विषाणु बाहेर पडूं लागतात.

शर्करा आपली, पाचक द्रव्य आपलें, आम्लहि आपलेंच! हीं दारें कायमचीं बंद करतां येत नाहींत, कारण त्यांवांचून पेशीचा संसार चालत नाहीं. म्हणून शत्रूस उंबरठ्यावरच अडविणें उत्तम. लसीमुळें उत्पन्न होणारीं प्रतिद्रव्यें हीमॅग्लुटिनिनच्या टोकास झांकतात. मग त्यास आम्लाची पकड मिळत नाहीं. परंतु हें टोक वर्षानुवर्ष रूप पालटतें. २००९ सालीं अगदीं नवें रूप आलें आणि त्या ऑगस्टमध्यें देशांतील पहिला बळी पुण्यास गेला.

"आजोबांस मागें एकदां टोचलें आहे, आतां कशाला?" असें आपल्या घरांतून सहज म्हटलें जातें. मागच्या पाहुण्याचा चेहरा ओळखणारा द्वारपाल वेष पालटलेल्या पाहुण्यास ओळखीलच असें नाहीं. दरवर्षींची लस म्हणजे त्या द्वारपालास दिलेली नवी ओळख. घरांतील वृद्धांच्या व बालकांच्या बाबतींत तरी डॉक्टरांच्या सल्ल्यानें ती वेळेवर करून द्यावी.