सहाशे वर्षांची तपासणी

रात्री साडेबाराला लाइट येते. विहिरीवरच्या पेटीतला ऑटो स्विच खटकन ओढला जातो, मोटार घुमायला लागते आणि मालक घरी गाढ झोपेत असताना उसाच्या सरीत पाणी शिरतं. ही झाली एक विहीर. सहाव्या लघुसिंचन गणनेत, म्हणजे 2017-18 साली, भूजलावर चालणाऱ्या अशा विहिरी आणि बोअर देशात भरले 2 कोटी 19 लाख.

समजा, सरकारने एक कडक निरीक्षक नेमला. रोज 100 विहिरी तपासायच्या. रविवार नाही, दिवाळी नाही. शेवटच्या विहिरीपाशी पोचायला त्याला 600 वर्षं लागतील. शिवरायांच्या जन्माआधी दोनशे वर्षं तो निघाला असता, तर आत्ता कुठे काम आटोपत आलं असतं. आणि हा हिशेब विहिरीमागे एकाच भेटीचा!

आता उपसा बघू. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2023 च्या अंदाजानुसार भारत वर्षाला 241 अब्ज घनमीटर भूजल काढतो. अब्ज म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीच येत नाही. म्हणून उजनी आणू. काठोकाठ भरलेली, 117 टीएमसीची. अशी 72 धरणं आपण दरवर्षी जमिनीच्या पोटातून उपसतो. त्यातली 63 एकट्या शेतीला लागतात. उरलेल्या नऊंत घरांचे नळही आले आणि कारखानेही. शेतकऱ्याला वगळून आखलेलं भूजल धोरण फार तर या नऊंपुरतं चालेल.

मग त्रेसष्ट उजन्यांचा हिशेब ठेवायचा कुणी? अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तो गावापुरता ठेवतं. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं, साधारण एक टँकर. गावाचं क्षेत्र सुमारे 976 हेक्टर. म्हणजे पर्जन्यमापकातली रेघ एका मिलिमीटरने चढली, की शिवारात 976 टँकर रिकामे झाले! ज्या वर्षी 400 मिलिमीटर पडतो, त्या वर्षी जवळजवळ चार लाख टँकर.

ते सगळे हाती लागत नाहीत. बरंचसं पाणी उडून जातं, काही वाहून जातं. म्हणून पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसं, मग जनावरं, मग पिकं. शिल्लक कमी, तर रब्बीचं क्षेत्रही कमी. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, हेही गावानेच ठरवलेलं. आंध्र प्रदेशात तर दुष्काळी जिल्ह्यांतल्या सहाशेहून अधिक गावांत शेतकरी स्वतः विहिरींची पातळी मोजत, पाऊस नोंदवत आणि त्यावरून पेरणीचा हिशेब करत. तिथे बंदी नव्हती. आकडे समोर होते आणि निर्णय ज्याचा त्याचा.

निरीक्षकाला सहाशे वर्षं लागतात, कारण तो एकटा आहे. विहिरीचं पाणी आज किती हात खाली गेलं, हे तिच्या मालकाला कुणी न नेमताही ठाऊक असतं. 2 कोटी 19 लाख जागी माणूस आधीच उभा आहे. त्याच्या हातात मोजायची दोरी द्यायची, आणि धोरण ठरवताना तो आकडा त्यालाच विचारायचा.