पायाच्या शिरेतील गुठळी विरल्यावर

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली, की डॉक्टर ‘रक्त पातळ करण्याचे’ औषध देतात. नाव फसवे आहे हो! रक्त काही पातळ होत नाही, आणि औषध गुठळी विरघळवीतही नाही. ते तिला वाढू देत नाही, एवढेच. विरघळविण्याचे काम शरीर स्वतः करते, आणि त्याला महिने लागतात. तुंबलेल्या पाटाचे पाणी बाजूने वाट काढते, तसे तोवर रक्त शेजारच्या लहान शिरांतून वर चढते. पुढे मूळ शीरही बहुधा थोडीफार मोकळी होते.

खरी मेख आहे ती झडपांत. सायकलच्या व्हॉल्व्हसारख्या या झडपा रक्त वरच सोडतात, खाली येऊ देत नाहीत. पादुआच्या फाब्रिसिअसने १६०३ साली त्यांवर पुस्तक काढले. त्यांचे काम मात्र ओळखले त्याच्या विद्यार्थ्याने, हार्वेने. गुठळीने झडप खराब झाली, तर ती सहसा पूर्ववत होत नाही. मग शीर मोकळी असूनही संध्याकाळी पाय सुजतो, घोट्याजवळ कातडी काळवंडते. चालताना पोटरी आवळून रक्त वर ढकलते, म्हणून चालणे हिताचे.

सूज उतरली म्हणून औषध आपणहून सोडू नये. ते निदान तीन महिने तरी चालते. एकाएकी दम लागला वा छातीत दुखले, तर उजाडण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.